चष्म्याच्या दोरीची गाठ

बारक्या,

मी ड्युटीवर पळतेय. पार्कची बॅग भरलीय: रेनकोट, कमरेचं पाऊच, जुने बूट. गाइडबुकही आत टाकलंय, पण रोलर कोस्टरची शेवटची रांग भारी असते, हे त्यातलं मनावर घेऊ नकोस. मागच्या खेपेला मी तिथेच बसले होते. बोगद्याच्या अंधारात मागून कुणीतरी माझ्या चष्म्याची दोरी आवळून नीट गाठ मारली. मी थँक्यूसुद्धा म्हटलं! बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, माझ्यामागे सीटच नव्हती. गाठ काही सुटेना, शेवटी दोरी कापली.

काल तुझ्यासाठी नवी कोरी दोरी आणून टेबलावर ठेवली. सकाळी बघते तर तिला तश्शीच गाठ.

तूच मारलीस ना? फोन करून सांग. आईशपथ, अजिबात चिडणार नाही.

ताई