नवे दिसणारे टायर

२९ मे २००८

आज आमची ओमनी व्हॅन शेडबाहेर निघाली! माझा नवरा देवेश पाच वर्षांपूर्वी नोकरीला मस्कतला गेला, तेव्हापासून उभीच होती. जाण्याआधी चारी टायर नवे टाकलेले, त्यामुळे स्वारी खुशीत — नक्षी जशीच्या तशी. शाळा उघडली की मुलांची ने-आण सुरू करायची. आता परत आलाय, पुन्हा परदेशी जायचं नाही म्हणतो. खरंच राहील?

धुताना टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. देवेशला दाखवल्या. सासरे ओट्यावरून म्हणाले, "गाडी चाललीच न्हाय, तं टायर झिजंल कसा? हवा भर न् काढ." हवा भरली. विषय संपला.

१ जून

उद्या लेकीच्या, रुचिकाच्या वह्या आणायला ठाण्याला, आपल्या व्हॅनमधून. पोरगी आजच जाऊन खिडकीशी बसली होती!

२ जून

आजचं लिहून ठेवते.

कशेळीच्या पुलाआधी स्फोटासारखा आवाज झाला. गाडी उजवीकडे ओढली गेली, दुभाजकाला घासली आणि गर्रकन फिरली. मागून कंटेनर येत होता. त्याचा ब्रेक किंचाळला — मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याचा बंपर माझ्या काचेशी होता.

मागे वळले तर सीटवर रुचिका नाही. खाली पडलेली, तोंडावर रक्त. रडत नव्हती. मी हाका मारत होते, ती नुसती बघत होती. मग रडली. तिचं रडणं इतकं गोड कधीच वाटलं नव्हतं.

भुवईवर टाके. डोळा वाचला म्हणाले डॉक्टर.

३ जून

प्रितेश आला. माझा भाऊ, कशेळीच्या गोदामांवर ट्रेलर चालवतो. फुटलेला टायर उलटसुलट करून बघितला. मग बाकीचे टायर अंगठ्याने दाबून दाखवले — भेगा तोंड उघडत होत्या. पत्र्याखालचा उकाडा, वारा, एकाच जागी गाडीचं वजन, असं बरंच सांगत होता. मला एवढंच आठवतं: "ताई, रबर उभ्या-उभ्या पण मरतं. वरून कळत नाय."

आणि याच गाडीत आम्ही लोकांची पोरं कोंबणार होतो!

देवेश जेवला नाही. सासरे रुचिकाच्या उशाशी बसून आहेत.

१४ जून

धामणकर नाक्यावरच्या दुकानात चारी टायर नवे टाकले. उरलेले तीन जुने तिथेच सोडले. दुकानदार म्हणाला, भंगारात जातील. सुटलो बाई एकदाचे.

१६ जून

शाळा उघडली. देवेश इतका हळू चालवतो की मुलं त्याला चिडवतात. चिडवू देत.

१८ जून

स्टेपनीचा टायर घ्यायला पुन्हा त्याच दुकानात गेले. सहज विचारलं, आमचे जुने गेले का भंगारात?

"वो तो बिक गये, भाभी. काला पॉलिश मारा, एकदम नये दिखने लगे. एक स्कूल व्हॅनवाला ले गया."

कोण? कुठल्या शाळेचा? त्याला आठवेना.

तशीच रिक्षाने आधी रुचिकाच्या शाळेवर गेले. सुटायची वेळ. व्हॅन ओळीने उभ्या, मुलं चढतायत. सगळ्यांचीच चाकं काळीभोर, चकचकीत. कुठली ती, ओळखता येईना. पहिल्या व्हॅनने हॉर्न दिला आणि ती हलली.

मी तिच्यापुढे जाऊन आडवी उभी राहिले.