आतून कळतं म्हणे!

४ मार्च
सरांशी वाजलं! त्यांच्या नव्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य: फसवणूक वाईट, हे कुणालाही आतून कळतं. मी म्हटलं, कुणालाही म्हणजे कुणाला? किती जणांना विचारलंत? त्यांनी चष्मा काढून पुसला. "तत्त्वज्ञान माणसं मोजून होत नाही." पण "कुणालाही" हे तुम्हीच लिहिलंत ना, सर! शेवटी वैतागून म्हणाले, बरं बाई, घे चाचणी.

७ मार्च
चाचणी बसवली. छोटीशी गोष्ट – विसरभोळी झालेली म्हातारी वारलेल्या नवऱ्याची चौकशी करते. मुलगी सांगते, येतील इतक्यात. मुलीचं बरोबर की चूक? गोष्टीत कळीची वाक्यं दोनच. एक, खरं सांगितलं की म्हातारी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. दुसरं, धडधाकट असताना तिने बजावलं होतं, मला कधी फसवू नका. निम्म्या कागदांवर रडणं आधी, निम्म्यांवर बजावणं आधी. बाकी सगळं तेच. आतलं कळणं पक्कं असेल तर क्रमाने काय बिघडणार?

सरांनी विचारलं, गोष्ट कुठून सुचली? सुचली, म्हटलं. आमच्याच घरची आहे हे कशाला सांगू!

८ मार्च
आई खिडकीशी बसून. "हे आले नाहीत अजून?" येतील, म्हटलं. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील.

१२ मार्च
दादा आला होता. तेच पालुपद. "तू तिला खेळवतेस. मी सरळ सांगतो, बाबा गेले. रडते, मग शांत होते." म्हटलं, तिला रडवून तुला काय मिळतं रे? तर म्हणे, "हे थांबव, नाहीतर महिनाअखेर मी तिला माझ्याकडे नेतो." आईशिवाय हे घर – छे! विचारही करवत नाही.

तो असेपर्यंत आईने बाबांचं मला एकदाही विचारलं नाही, विचारलं ते त्यालाच.

१५ मार्च
लोकांनी भरून दिलेल्या कागदांचा पहिला गठ्ठा तपासला. बहुतेक सगळे म्हणतात, मुलीचं बरोबर! टुणकन उडीच मारली. लगेच दादाला फोन – बघ, परके लोकसुद्धा माझ्या बाजूचे! मला काय आनंद झाला!

१६ मार्च
नाक कापलं गेलं. आमच्या विभागात आकडे सांभाळणारा आहे, त्याला सगळे "आकडेमोड" म्हणतात. तो म्हणाला, "ताई, हा नुसता रडणं-आधीचा गठ्ठा. दुसरा माझ्याच टेबलावर राहिलाय." दुसऱ्यात नेमकं उलटं! मुलीचं चूक, साफ चूक. म्हातारी तीच, मुलगी तीच.

चाचणी मीच बसवायची, आणि अर्धीच तपासून भावाला ऐकवायची. शहाणीच आहे मी!

१७ मार्च
सरांपुढे दोन्ही गठ्ठे ठेवले. बराच वेळ चाळत बसले. मग "कुणालाही" खोडलं. त्या जागी काही लिहिलं नाही. हळूच म्हणाले, "मला तरी कुठे आठवतंय, मी आधी काय ऐकलं होतं ते." वाईट वाटलं मला. जिंकल्यासारखं अजिबात वाटेना.

घरी येताना डोक्यात तेच. बाबा गेल्याचं आईला पुन्हा सांगायची पहिली वेळ माझ्यावर आली होती. तिचं ते रडणं! दादा तेव्हा नव्हता. आणि तिने "मला फसवू नका" म्हणून बजावलं ते दादाला, तेव्हा मी नव्हते. मग आमच्या दोघांच्या हातात एकेकच गठ्ठा की काय?

१९ मार्च
दादाला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, टोमणा मारणार. पण म्हणाला, "मग आता खरं काय धरायचं?" माहीत नाही रे, म्हटलं. रविवारी येतो म्हणाला, मिळून ठरवू.

२२ मार्च
दादा आला. आईच्या समोरच बोलत होतो, तिला काय कळतंय म्हणून. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्यावरून भांडू नका. रडून मोकळं व्हावंसं वाटलं की मी ह्याला विचारते. वाट बघावीशी वाटली की तुला." आणि पुढची शेंग उचलली.