पेटीवाल्यांची अढी

नाशिकरोड,
२२ जानेवारी १९९७

चि. पल्लवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, एरवी आज तुला कान धरून उभं करावंसं वाटतंय. हौशी मंडळींच्या घोळक्यांना नावं ठेवायचा आपला खेळ पत्रातला होता. पतंगवाल्यांचा गुंता, ट्रेकवाल्यांची धाप, कोडी सोडवणाऱ्यांची खाडाखोड, सगळ्यांवर मी पोट धरून हसले. म्हणून तर हळदीकुंकवासाठी आमच्या पेटीच्या वर्गाला एक शब्द दे म्हटलं. आणि तू दिलास काय, तर अढी!

तुझा फोन आला तेव्हा मी भाजी आणायला गेले होते. निरोप तुझ्या काकांनी घेतला आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात रात्रपाळीला जाता जाता कॉलनीच्या हॉलमधल्या फळ्यावर भल्या मोठ्या अक्षरांत लिहून टाकला: ‘हौशी पेटीवाल्यांची अढी आपले स्वागत करीत आहे.’ शनिवारी चाळीसेक बायकांनी तो वाचला. काकांना विचारलं तर म्हणतात, तू रोज जे सांगतेस त्यावरून मला शब्द अगदी फिट्ट वाटला. आता या माणसाला काय म्हणावं?

लंकाबाईंना कार्यक्रमातून वगळल्याचं मी तुला डिसेंबरात कळवलं होतं. त्या पेठ तालुक्याकडच्या, कानाने ऐकून वाजवतात, वहीत बघून नाही. आमच्या वर्गाच्या प्रमुख ठमाबाई म्हणाल्या की ते पाहुण्यांपुढे शोभायचं नाही. तरी लंकाबाई हळदीकुंकवाला आल्या, फळा वाचला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या की लिवलंय ते खरंच हाय. झालं! शब्द भाचीकडून येणार हे मी आधीच सांगून बसले होते, ठमाबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. बाहेरगावच्या पोरीला आमची भांडणं कुणी सांगितली, असं विचारून मंगळवारी यायचं नाही म्हणाल्या. चार वर्षं मी मंगळवारची वाट बघत जगते आहे गं. काल दुपारभर हॉलमधली पेटी स्वयंपाकघरात ऐकू येत होती आणि मी डबे घासत होते.

याचा खुलासा हवा. रागावले आहे, तरी जेवणाची आबाळ करू नकोस आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना मावशी


औरंगाबाद,
२८ जानेवारी १९९७

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खुलासा काकांकडे माग! मी अढी म्हटलंच नव्हतं. आढी म्हटलं होतं, आंब्यांची आढी. फोनवर खरखर होती म्हणून मुद्दाम ओरडून सांगितलं, काका, आंबे पिकायला घालतात ती. हॉस्टेलची अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी आंबे गाळले, काना गाळला, आणि बोलणी मला?

किती विचार करून शोधला होता तो शब्द! पन्नाशीच्या तुम्ही सगळ्या, एका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या, एकमेकींच्या उबेने हळूहळू गोड होणाऱ्या. मला वाटलं, मावशी वाचेल आणि तिला रडू येईल. आलं म्हणा, पण भलत्याच कारणाने.

आणि रागावणार नसशील तर एक विचारते. चूक काकांची होती, मग ती इतक्या जणींना लागली कशी? लंकाबाई काय खोटं बोलल्या? तू त्या दिवशी काही म्हणालीस का, ते तुझ्या पत्रात नाही.

काकांना नमस्कार सांग, पण सावकाश, एकेक अक्षर फोडून. भाचीवरचा लोभ काना-मात्रेसकट शाबूत ठेव.

तुझी,
पल्लवी


नाशिकरोड,
१२ फेब्रुवारी १९९७

चि. पल्लवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी गेल्या मंगळवारी तडक हॉलवर गेले. आंब्यांची आढी म्हटल्यावर सगळ्या खो खो हसल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या अक्काबाईंनी तर डोळे पुसले आणि पोरीला काय सुचतं म्हणाल्या. ठमाबाईंनी माझी जागा झटकून दिली, माझ्या हातात खडू ठेवला आणि तेवढा काना देऊन टाका म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की मी फळ्यापाशी गेलेसुद्धा.

तिथे तुझा प्रश्न आठवला, मेले! मी वळून विचारलं की रामनवमीला लंकाबाई वाजवणार ना. ठमाबाई म्हणाल्या की आधी काना द्या, मग बघू. मी म्हटलं, आधी बघा, मग काना देते. त्या म्हणाल्या की ज्योत्स्नाबाई, गोडीत चाललंय त्यात मिठाचा खडा कशाला टाकता. माझं डोकंच फिरलं. एका बाईला दाराबाहेर ठेवायचं आणि वर गोडीत चाललंय म्हणायचं! मी खडू टेबलावर ठेवला आणि चप्पल घालून निघाले. मागून कुणीही हाक मारली नाही, अक्काबाईंनीसुद्धा. त्याचं फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

लंकाबाईंच्या घरी जाऊन, यायचं तर आमच्याकडे या म्हटलं. काल आल्या. पहिल्यांदा पेटीला हातच लावेनात, तुमची हाय, तुमीच वाजवा म्हणाल्या. मग वाजवलं ते काय वाजवलं गं! आमच्या वहीत नसलेलं काहीतरी. काका पाळीवर जायचे थांबले.

त्यांना सोडायला हॉलवरून गेले. दार उघडंच होतं. फळ्यावर कुणीतरी काना दिला आहे, अक्षर ठमाबाईंचं. लंकाबाईंनी थांबून वाचलं आणि मला विचारलं की बाई, आता हे काय लिवलंय. मी म्हटलं, आंब्यांचं काहीतरी आहे. त्या म्हणाल्या की मंग आपलं न्हाई, आणि पुढे चालायला लागल्या.

पत्र लवकर पाठव. राग तुझ्यावर नव्हताच, लोभ मात्र पूर्वीसारखाच आहे.

तुझी,
ज्योत्स्ना मावशी