निळ्या झाकणाची बाटली

३ मार्च, सोमवार
न्हाई, मी सुईला भीत न्हाई. कुणी इचारलं न्हाई, तरी लिवून ठेवतो. आज लोणावळ्याच्या डॉक्टरनं माज्या तळपायाला टाचणी टोचली. पाच वेळा. मला पत्ता न्हाई. वर तोच मला इचारतो, आबा लागलं का. एवढं सोसनारा मानूस सुईला भिईल व्हय?
डॉक्टरचं म्हननं, रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी, म्हनून पाय बधिर. एक दिवसाआड दंडात सुई घ्या. मी म्हनलं, बघू. भीतीचा सवाल न्हाई. तत्त्वाचा हाय.
जाताना बेगडेवाडीला लोकलमदी चढलो. कामशेतला बघतो तर डाव्या पायात चप्पल न्हाई. एकच चप्पल नेनारे चोर निघालेत आता.

५ मार्च
गोरख येऊन गेला. यात्रा कमिटीचा अध्यक्ष, वय बत्तीस. बारा एप्रिलला यात्रा, बैलगाड्यांची शर्यत. घाटातला, म्हंजे गाडे पळायच्या धावपट्टीवरचा, झेंडा बावीस वर्षं माज्या हातात हाय. गाडा रेषेवर आला की झेंडा पाडायचा, आन बैलं अंगावर यायच्या आत बाजूला उडी मारायची. माजा झेंडा बघून घड्याळवाला बटन दाबतो.
गोरख म्हनला, आबा, यंदा मांडवात खुर्ची टाकतो तुमाला, शाल-नारळ पन देऊ. शाल-नारळ म्हंजे काय ते मला कळतं. म्हनलं, पाडव्याच्या मीटिंगला सगळ्यांसमोर उडी मारून दाकवतो, मग बोल. पंचवीस दिवस हायेत. लय झाले.

८ मार्च, शनिवार
नात आली, अपेक्षा. पुन्याला अन्नाचं शास्त्र शिकती. घरचाच इंद्रायणी तांदूळ नेलता तिनं. त्यातला स्टार्च काढून त्याचे नॅनो पार्टिकल केलेत. म्हंजे केवढे? केसाची जाडी घ्यायची, तिचे हजार भाग करायचे, त्यातला एक. त्याच्या पोटात व्हिटॅमिन बसवायचं. जठरातल्या आम्लात ते जळत न्हाई, फुडं आतड्यात गेलं की उघडतं.
म्हंजे मोदक. वर तांदळाची उकड, आत सारन. एवढ्यासाठी दोन वर्षं कॉलेज.
सारन कशाचं, म्हनून इचारलं. बी-ट्वेल्व्ह म्हनली. मी गप बसलो. मानसानं गप कदी बसावं ते मला कळतं.
होस्टेलचा फ्रिज बिगडलाय म्हनून पाडव्यापत्तुर बाटली आपल्या फ्रिजमदी. मग सरांना दाकवायची हाय. जाताना बोट नाचवून म्हनली, "आबा, हे प्यायचं नाही हं. अजून उंदरांनासुद्धा दिलेलं नाही. तुम्ही सुया घ्या."
उंदराच्या आदी मानसाचा नंबर लागाया पायजे. हे कुनी तिच्या सरांना सांगावं.

९ मार्च, सकाळी ६
बायकू धोंडाबाई गोठ्यात गेली तवा फ्रिज उघडला. बाटलीवर चिठ्ठी होती, ती पयली काढून चुलीत टाकली. घरातल्या कुनाची नजर नको. मग बघतो तर फ्रिजच्या दारात तसल्याच दोन बाटल्या, दोन्हीला निळं झाकन. अपेक्षानंच मागं एक रिकामी बाटली आजीला दिलेली. तिच्यात धोंडाबाई माज्या टोप्या कडक करायची खळ ठेवती.
खळ कशी असती ते मी कदी बघितलं न्हाई. मी टोपी घालतो. पन डोकं हाय. एक बाटली पान्यावानी पातळ. दुसरी दाट, निळसर. दोन वर्षं शिकून पोरगी पानी करनार व्हय? दाट ती औषध.
दोन चमचे घेतलं. चव अजाबात न्हाई. खरं औषध असंच असतं.

१४ मार्च, धुळवड
जीभ निळी झालीया. बरं झालं धुळवड हाय, लोकांना वाटलं रंग गेला तोंडात.
चार दिवस पोट साफ न्हाई. हात लावून बघितलं, इस्त्री केल्यागत कडक. औषध धरतंय.
देवळाच्या पायरीवर जरा अडखळलो. पायरी नवी बांदलीया, माप चुकलंय गवंड्याचं.

१९ मार्च
मोठी गोष्ट कळली. परवा बाटली तळाला आलती. आज बघतो तर गळ्यापत्तुर भरलेली. नॅनो वाढतं. विरजनासारखं. अपेक्षाला हे म्हाईत नसनार. तिला आताच सांगनार न्हाई, तिचे सर आपलं नाव लावून मोकळे व्हतील.
आजपासून चमचे बंद. अर्धा पेला.

२४ मार्च
बांधावरनं पडलो. पाय घसरला न्हाई, बांध सरकला.
टोपीचं मात्र वंगाळ झालंय. घातली की भिजल्या भाकरीवानी कानावर लोळती. धोंडाबाईला बोललो. तर ती म्हनती, खळ करून ठेवली की दोन दिवसात आटती, घूस पिती का काय कळंना. शनिवारी थेंब न्हवता, म्हनून शेजारच्या बाटलीत होती ती पातळ खळ सगळी वापरली, दोन टोप्या आन धोतराला. कोन करून ठिवतं असली पातळ, म्हनून मलाच इचारती.
घरात खळ करनारी एकच, आन तिला सवताची खळ वळखत न्हाई. वय झालं तिचं.

२९ मार्च
उद्या मीटिंग. पेला भरून घेतला. अंगनात उडी मारून बघितली. झकास. खाली पडलो तो उडीनंतर, उडीत न्हाई.

३० मार्च, पाडवा
लिवायचं न्हवतं. लिवतो.
देवळाफुडं सगळी कमिटी. गोरखनं चुन्यानं रेघ मारली. मी झेंडा पाडला, उडी मारली, हुबा ऱ्हायलो. पडलो न्हाई. बघा म्हनलं. सगळे खाली बघत हुते. माजी चप्पल रेघेवरच ऱ्हायलेली, आन फरशीवर रक्त.
गोरख गुडघ्यावर बसला. माजा पाय मांडीवर घेऊन बाभळीचा काटा काढला, बोटाएवढा. कवापासून हुता देव जाने.
म्हनला, "आबा, ह्यो काटा हुता. बैलाचा खूर असता तर?"
मी म्हनलं, काटा बारीक हुता. तो त्यानं तळहातावर ठेवून मला दाकवला. मग मी टोपी नीट केली. ती पन ऱ्हाईना.
घरी आलो तर अपेक्षा फ्रिज उघडून हुबी. माझी बाटली कुठंय आजी? धोंडाबाई म्हनली, ती पातळ खळ व्हय, ती तर टोप्यांना लावली. आन ही दाट? ही माजी खळ, नीळ घातलेली. अपेक्षानं माज्याकडं बघितलं. म्हनली, जीभ दाखवा. मी दाकवनार न्हवतो. दाकवली.
"आबा," ती म्हनली, "बी-ट्वेल्व्ह टोपीला मिळालं. तुम्ही तीन आठवडे खळ प्यायलात."
धोंडाबाई पदर तोंडात धरून आत गेली. आतनं आवाज येत हुता.
अपेक्षा पन हसली. मग हसायची थांबली आन पायरीवर बसली. तीन महिन्यांचं काम हुतं म्हनं. सरांना काय सांगायचं ते तिचं तिलाच उमगंना. चिठ्ठी कुनी काढली ते तिनं इचारलं न्हाई. फकस्त म्हनली, दोन किलो तांदूळ द्या परत. मी पाच किलो दिले. सवता पोत्यातनं काढले.

२ एप्रिल
लोणावळा. बी-ट्वेल्व्ह गेल्या खेपेपरीस कमी. डॉक्टरनं इचारलं, मधल्या काळात काय घेतलं? मी म्हनलं, घरगुती.
पयली सुई. डोळे मिटले ते उनामुळं. दवाखान्याला खिडकी न्हाई, पन बाहेर ऊन हुतं.

१२ एप्रिल, यात्रा
मांडवात खुर्ची. शाल. नारळ. झेंडा राजेंद्रकडं, तालमीतला पोरगा. एका गाड्याला झेंडा जरा उशिरा पाडला त्यानं. मी वरडून सांगितलं. लाउडस्पीकरपुढं कुनाला ऐकू जानार. टोपी मात्र कडक हुती. धोंडाबाईनं खळीच्या बाटलीवर आता खडूनं टोपी काडलीया. माज्यासाठी.

१० मे, शनिवार
विसावी सुई. गोरखच घिऊन गेलता मोटरसायकलवर, तो दारात हुबा. डॉक्टरनं तळपायाला टाचणी लावली. उजवा अंगठा.
लागली.
डॉक्टर लय खूश झाला. म्हनला, आबा, पुढच्या यात्रेपर्यंत बघू. गोरख पन हसत हुता, पन तो दुसऱ्याच गोष्टीला. टाचणी लागली तवा मी काय वरडलो, ते त्यानं ऐकलं, आन आता सगळ्या गावाला सांगत सुटलाय.
काय वरडलो ते मी हितं लिवनार न्हाई.