आईचे सात रांजण

२ जानेवारी
लागली नोकरी! मास्तरांनी माझी बोटं पाहिली आणि लगेच होकार दिला. आडनावसुद्धा विचारलं नाही, बरंच झालं. स्टुडिओ झकास आहे: उंच खिडक्या, लांब टेबलं, गोंदाचे डबे. मास्तर सुंदर वस्तू हातोड्यानं फोडतात आणि आम्ही मदतनीस ते तुकडे मुद्दाम भलतीकडे चिकटवतो. काठाच्या जागी बूड, बुडाच्या जागी गळा. मोडल्याशिवाय नवं घडत नाही, असं ते म्हणाले. दुपारी मॅनेजरबाईंबरोबर जेवले. फार बोलतात, पण मनानं चांगल्या आहेत.

४ जानेवारी
दालनाच्या मधोमध ते शिल्प आहे. माझ्या आईनं चाकावर घडवलेले सात रांजण. तिनं मास्तरांना विकायला नकार दिला, तर यांनी दुसऱ्याला पुढे करून विकत घेतले, कॅमेऱ्यासमोर फोडले, तुकड्यांचं हे शिल्प केलं आणि नाव कमावलं. आईनं ते टीव्हीवर पाहिलं. पुन्हा चाकावर बसली नाही, वर्षभरात गेली. मी पगारासाठी आलेच नाहीये. प्रदर्शनाआधी पडद्याआड शिल्प साफ करायचं काम माझ्याकडे आलंय. मी ते सुटं करून आईचे रांजण होते तसे उभे करणार. नाक कापायचं तर चारचौघांत!

९ जानेवारी
पहिला रांजण उभा राहिला. काठावर आईच्या अंगठ्याचा ठसा आहे. खूप रडले. दुपारी मास्तरांच्या गालावर चीर दिसली, रक्ताशिवाय. मॅनेजरबाई म्हणाल्या, थंडीनं उललं असेल, मलम लावा.

१२ जानेवारी
दुसरा झाला. चहा पिताना मास्तरांचा कान बशीत पडला. टणकन वाजला. आतून लाल, भाजलेली माती. मला हसू आवरेना.

१५ जानेवारी
तिसरा, चौथा. मास्तरांचा हातोड्याचा हात गळून पडला. मॅनेजरबाई पळाल्या. मास्तरांना सगळं कळलंय. म्हणाले, पोरी, थांब, चुकलो, तुझ्या आईची माफी मागतो. मी म्हटलं, तिच्याकडेच मागा. आणि पाचवा जोडायला घेतला.

१७ जानेवारी
सहावाही. खुर्चीत नुसती छाती आणि डोकं. तोंड मात्र चालू. शिल्पाला आईचं नाव देतो म्हणतात— आता!

१८ जानेवारी
सातव्याला तुकडे पुरत नाहीत. बारीक चुरा त्यांनी तेव्हाच झाडून फेकला होता. दुसरी माती धरत नाही. चिडून हात आपटला— माझी करंगळी— टणकन. उचलून भोकात धरली. चपखल बसली. मलाही आईनंच घडवलंय ना.

१९ जानेवारी
डावा हात संपला. दुखत नाही. मास्तर हसतायत— म्हणतात, मोडतेस, जोडतेस, माझीच चेली शोभतेस—
त्यांचं तोंड बंद करायचंय—

२० जानेवारी
गळ्यापाशी एवढंसं भोक. मास्तर आता रडतायत. म्हणतात, तू तरी वाच. आईही हेच म्हणाली असती, ठाऊक आहे मला. नाही थांबणार.
उजवा हात लिहायला म्हणून ठेवला होता. टेबलाच्या कडेवर एकदा आपटला की—