निळ्या औषधाची चौकशी

१४ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे पत्रात लिहिण्यापुरते ठीक. तू जुनी खोली सोडल्याचं कळलं, म्हणून हे पत्र तुमच्या लिफ्ट कंपनीच्या पत्त्यावर पाठवतोय. फोन करता आला असता. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. तोंडाने बोलायला गेलो की माझी गाडी भलतीकडेच जाते. लिहिताना निदान खोडता येतं.

काम एवढंच आहे. तू आमच्या चिमणला काचेची चार फुटी टाकी दिली होतीस. तुझ्याकडे असताना तिच्यात माशांच्या आजाराचं औषध कधी घातलं होतंस का? निळ्या रंगाचं, तांब्याचं?

का विचारतो ते सांगतो. काकूने त्या टाकीत समुद्र करायला घेतलाय. चिमणने गोड्या पाण्यातले मासे देऊन टाकले होते ना, तेव्हापासून ती त्याच्या खोलीत रिकामीच पडून होती. एक दिवस काकू म्हणाली, "ती बाहेरच्या खोलीत आणा." मी म्हटलं, एकट्याला उचलायची नाही. तर म्हणाली, "एका बाजूने मी धरते." हिला गुडघ्यांपायी दोन मजले उतरता येत नाहीत आणि ही काचेची पेटी उचलणार! शेवटी तळमजल्यावरच्या न्हाव्याला हाक मारली. तो दाढीचा साबण हातावर तसाच घेऊन आला, आणि टाकी घसरता घसरता वाचली.

माशांच्या दुकानदाराने सांगितलं तसं सगळं केलं. मीठ आणलं, खारटपणा मोजायची काचेची नळी आणली, कितीतरी आठवडे नुसतंच पाणी फिरवत ठेवलं. चष्म्याच्या काचा घासण्यात माझा जन्म गेला, पण काचेसमोर इतका वेळ नुसता बसलो नव्हतो कधी. काकूही शेजारी बसायची. खूप दिवसांनी आम्ही एका दिशेला तोंड करून बसायला लागलो.

मग एक नारिंगी मासा आणला. तो मजेत आहे, आम्हाला बघून तोंड वेंगाडतो. त्याच्या मागोमाग काकूला हवे होते ते खेकडे आणले, दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन हिंडणारे. तिचे वडील दीपगृहावर कामाला होते, लहानपण खडकांत गेलं, हे तिने तुलाही शंभरदा ऐकवलं असेल. खेकडे सोडले तेव्हा ती हसली. मी मोठ्याने हसल्याचं म्हणतोय.

एका सकाळी बघतो तर एक खेकडा शंखाबाहेर पडलेला. काकू म्हणाली, "तो शंख सोडून असा उघडा पडत नाही. पडला म्हणजे संपलं." तिने त्याला बाहेर काढून तळहातावर घेतलं. बाकीचेही असेच गेले. नवे आणले, तेही गेले. आता ती म्हणते, "माझ्या हाताखाली काही जगतच नाही."

मास्तर, हे वाक्य मला ऐकवत नाही रे.

म्हणून दुकानदाराला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "मासा जगतो आणि खेकडे मरतात म्हणजे टाकीत कधीतरी तांबं गेलंय. गोड्या पाण्यातल्या माशांवर पांढरे ठिपके आले की लोक ते निळं औषध घालतात. मासे बरे होतात, पण तांबं काचांच्या सांध्यात, सिलिकॉनमध्ये मुरतं आणि थोडं थोडं सुटत राहतं. खेकड्यांना तेवढंही पुरतं." तेव्हा तू 'हो' म्हणालास तर मला बरंच वाटेल. तिला सांगता येईल की दोष तिच्या हाताचा नाही.

'दोष' लिहिलं आणि पेन अडलं. तुला आम्ही दोष दिलेला नाही. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. त्या दिवशी काकूला शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं होतं. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिने तुला एकच विचारलं, "समुद्राचं पाणी कशाला हवं होतं रे तुम्हाला?" तुझा हात गळ्यात बांधलेला, कपडे ओले. तू उत्तर दिलं नाहीस, उठून गेलास आणि गेलासच. चिमणला पोचवायलाही आला नाहीस. टाकीसाठी हवं होतं, हे आम्हालाही कळत होतं. कॅन घेऊनच निघाला होतात तुम्ही. त्याचं माशांचं वेड आम्हाला काय नवीन होतं? आणि लाट काही तुला विचारून आली नव्हती.

असो. औषधाचं तेवढं कळव. खांदा पूर्ण वर होतो का आता?

तुझा,
काका

*

२५ नोव्हेंबर

ती. काकांना नमस्कार.

मी बरा आहे. हे पत्र मुद्दाम तुमच्या चष्म्याच्या दुकानावर पाठवतोय. वाचलंत की काकूंना दाखवू नका, एवढं माझं ऐका.

आधी औषधाचं. हो, घातलं होतं. दोनदा. ठिपके जाईनात म्हणून दुसऱ्यांदा जरा जास्तच. काकूंना आजच्या आज सांगा, त्यांचा काही दोष नाही. त्या टाकीत कोणाच्याही हातचे खेकडे मेले असते. टाकी देताना मी हे चिमणला सांगितलं होतं. त्याच्या डोक्यात समुद्राचं आलं तेव्हा आमचं ठरलंही होतं की खालची वाळू फेकायची, सगळे सांधे ब्लेडने कापून काढायचे आणि नवं सिलिकॉन भरायचं. ब्लेड आणि सिलिकॉनच्या नळ्या त्याच्या हत्यारांच्या पेटीत तळाला असतील. फक्त दोघांना एका दिवशी सुट्टी मिळत नव्हती. ती मिळाली तेव्हा तो म्हणाला, आधी पाणी आणून ठेवू, सांधे काय, संध्याकाळीसुद्धा कापता येतील.

आता दुसरं. काकूंनी विचारलं त्याचं उत्तर मला येत होतं, काका. ते पाणी त्यांच्यासाठी होतं.

त्यांचा साठावा वाढदिवस यायचा होता. चिमण कामावर नेहमी म्हणायचा, "गावभरच्या म्हाताऱ्यांना मी वर-खाली नेतो आणि लिफ्टवाल्याचीच आई दुसऱ्या मजल्यावर अडकलीय." काकू कधीतरी म्हणाल्या होत्या, समुद्र पुन्हा बघायचा राहिला. ते त्याने धरलं. "आईला खाली नेता येत नाही ना, मग समुद्र वर नेऊ." मी म्हटलं, अरे, पुडीतलं मीठ मिळतं, दोन तास गाडी हाणत जायचं कशाला? तर म्हणाला, "तिला वासावरून कळेल. पुडीचं पाणी कुठलं आणि समुद्राचं कुठलं, आई झोपेतसुद्धा ओळखेल."

हे मी व्हरांड्यात त्यांना कसं सांगणार होतो? जन्मभर त्यांना त्यांचं मन खात राहिलं असतं. म्हणून उठलो. नंतर आलो असतो तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. पत्ते खेळताना माझ्या चेहऱ्यावरून तुम्हीच तर माझा हात ओळखायचात.

खांदा अर्धाच वर जातो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं काम सुटलं, आता ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घेतो. लिफ्टमध्ये अडकलेले लोक ओरडतात, मी म्हणतो, घाबरू नका, माणूस येतोय.

मी त्याचा हात धरला होता, काका. मी सोडला नाही. सुटला.

तुमचा,
मास्तर

*

३ डिसेंबर

मास्तर,

काकू लिहितेय. अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच.

काकांनी तुझं पत्र लपवलं, पण त्यांना कुठे काय लपवता येतं? घरी आले, म्हणाले, "मास्तरने औषध घातलं होतं. तुझ्या हाताचा काही दोष नाही." आणि जेवायला बसले. घास तोंडापर्यंत गेला आणि परत ताटात आला.

मी विचारलं, "आणखी काय लिहिलंय?"

"काही नाही. खांदा दुखतो म्हणतो."

"पाणी माझ्यासाठी होतं, हे लिहिलंय का?"

"तुला कोणी सांगितलं?"

मला कोणी कशाला सांगायला हवं? वाढदिवसाच्या आधी चिमण रोज माझ्या मागे. "आई, दीपगृहाच्या खडकांत काय काय सापडायचं गं? शंखातले खेकडे कुठल्या रंगाचे असायचे?" वर तोंड असं करायचा की जणू सहजच विचारतोय. त्याच्या पोटात लहानपणीसुद्धा काही राहायचं नाही. पोलिसांनी येऊन खडक म्हटलं, पाण्याचे कॅन म्हटलं, तेव्हाच मला कळलं.

मग तुला का विचारलं? तू दुसरं काहीतरी सांगावंस म्हणून. कोणी पाणी मागवलं होतं, पैज लागली होती, त्याला स्वतःलाच हौस आली होती, काहीही. एखादं खोटं मी घट्ट धरून बसले असते. तू गप्प राहिलास, आणि तुला तर खोटं बोलता येत नाही. म्हणजे माझं खरं होतं. त्याचा मला राग आला नाही. राग आला तो तू पुन्हा आला नाहीस याचा. मुलगा गेला, आणि रोज त्याच्या मागोमाग घरात घुसणारा तूही गेलास.

मी त्याला आण म्हटलं नव्हतं रे. कपडे वाळत घालता घालता बोलून गेले, समुद्र पुन्हा एकदा बघायचा राहिला. बस्स, एवढंच. आणि टाकी भरायला घेतली ती वेळ जावा म्हणून नाही. त्याने माझ्यासाठी मांडलेलं अर्धवट राहिलं होतं. ते तसंच धूळ खात पडलेलं मला बघवेना. हे आजवर काकांनाही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटायचं, पोराचा छंद आई पुढे चालवतेय. वाटू दिलं.

मग त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यावर काय लिहू? तू सोडला नसणारच. हे मला कोणी सांगायला नको.

टाकी रिकामी केलीय. मासा दुकानदाराकडे पाहुणा आहे. पेटीत ब्लेड सापडलं. सिलिकॉनची एक नळी वाळून दगड झालीय, दुसरी चालेल म्हणतात काका. ते स्वतः सांधे कापायला बसले होते, पण ब्लेड सारखं काचेवरून घसरायला लागलं, तेव्हा मीच ते काढून घेतलं. त्यांना जमणार नाही. तुझा खांदा अर्धा वर जातो ना? टाकी खाली फरशीवरच ठेवलीय. हात वर न्यायचं कामच नाही.

आणखी एक. त्या दिवशी तुम्ही अंधारातच निघालात. मी झोपेत होते, चिमण काय बोलून गेला मला ऐकू आलं नाही. वाटेत कुठे थांबलात, त्याने काय खाल्लं, गाणं म्हटलं का, तुझी थट्टा केली का, खडकांवर पोचल्यावर पहिल्यांदा समुद्र बघून काय म्हणाला, हे तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. माझ्या मुलाची एक अख्खी सकाळ तुझ्याकडे राहिलीय, मास्तर. ती मला ऐकायची आहे. लाटेपर्यंतची सांग. पुढचं तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर आपण तिघं गप्प बसू.

मला जिना उतरता आला असता तर मीच तुझ्या ऑफिसात येऊन उभी राहिले असते.

येताना काही आणू नकोस. नुसता ये.

काकू