धुतलेला रेनकोट

खंडाळा, रविवार संध्याकाळ

आज चर्चमध्ये दावीद राजाचा पाठ मीच वाचला. त्यानं दुसऱ्याला मरायला पाठवलं, देवाच्या संदेष्ट्यानं ते पाप तोंडावर सांगितलं, मग पस्तावला, देवानं क्षमा केली. वाचताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही!

बाहेर सखूबाई थांबली होती. तिचा नवरा माझ्या रेल्वे गँगमधला, घाटात दरडीखाली गेला.

"भाऊ, त्या दिशी तुमी त्यांना सोताचा रेनकोट दिलता. धुऊन आणलाय. लय मोठं मन तुमचं."

त्या दिवशी रुळांवरची गस्त माझी होती. मी पिऊन पडलो होतो, म्हणून त्याला पाठवलं. आणि रेनकोट? लांबून साहेबाला तो मीच वाटावा म्हणून.

दारू सुटली. देवाला सगळं सांगून झालं. सखूबाईला?

रेनकोट समोर खुंटीवर आहे. राजाला तोंडावर सुनावणारा संदेष्टा तरी भेटला. मला ती आशीर्वाद देऊन गेली.